दाजींचा एकच जोड

दुकानात गेल्यावर लोक बूट घालून बघतात. आमचे दाजी काढून बघायचे.

"काका, काढायला आधी घालावा तर लागेल ना," दुकानातला माणूस म्हणायचा.

"घालतो रे. घालायला काय, कोणताबी जातो. निघतो कसा ते बघायचंय मला."

मग दाजी उभ्याने, न वाकता, भिंतीला हात न लावता बूट काढून दाखवायचे. टाच अडकली की तो बूट बाद. एका पायाने दुसऱ्याची टाच दाबावी लागली तरी बाद. उलट नुसता पाय उचलल्यावर गळून पडला तर तोही बाद. "आपल्याकडं बूट घालण्यापेक्षा काढायचाच जास्त असतो," असं त्यांचं म्हणणं. देवळात काढा, दवाखान्यात काढा, कोणाच्या घरी गेलं की दाराबाहेर काढा, द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये गेलात तर तिथेही काढा. "दिवसातून पंधरा वेळा निघतो तो बूट, आणि लोक घेतात आरशात बघून!" हे खरंच आहे. पण खरं बोलणाऱ्या माणसाबरोबर चपलांच्या दुकानात दीड तास उभं राहून बघा.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सरकारी मोजणी खात्यात होते. जमिनीच्या हद्दी मोजायच्या, खुणा रोवायच्या, भांडणाऱ्या भावांच्या मध्ये उभं राहून 'इथपर्यंत तुझं, इथून तुझं' असं सांगायचं. दिंडोरीच्या द्राक्षबागा, निफाडचे ऊस, पेठ-सुरगाण्याचे चढ, सगळीकडे ते पायी फिरले. निवृत्त होऊन नाशकात स्थिरावले तेव्हा अर्ध्या जिल्ह्याची माती त्यांना पायांनी ओळखता येत होती. त्या पायांपैकी उजव्या पायाची करंगळी आता नाही. ती गेली त्यात माझा वाटा आहे. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांच्यावर चिडून बरंच काही लिहिणार आहे, आणि मला चिडायचा पूर्ण हक्क होता असं वाचणाऱ्याला वाटू नये.

दाजींचा पहिला नियम म्हणजे बूट संध्याकाळीच घ्यायचा. दिवसभर चालून पाय थोडे सुजतात, सकाळी बसलेला बूट संध्याकाळी चावतो, हे त्यांना नोकरीने शिकवलं होतं. माझं इंदिरानगरला औषधांचं दुकान आहे. माझ्याकडे गर्दी असते ती संध्याकाळीच. साडेपाचला दवाखाने उघडतात आणि सहापासून चिठ्ठ्या यायला लागतात. नेमका तेव्हाच दाजींचा फोन यायचा. "रवी, पाय तयार झाले. ये." पाय तयार झाले! जणू भाकरी झाली, ताट घे. मी बायकोला काउंटरवर बसवायचो, स्कूटर काढायचो आणि शालिमारच्या बाजारातल्या गर्दीत जागा शोधत फिरायचो. मागे दाजी शांतपणे बसलेले. खिशात स्वतःचे मोजे. दुकानातले पातळ मोजे घालून बूट बघणाऱ्या माणसांविषयी त्यांचं मत चांगलं नव्हतं.

बरं, हे सगळं फक्त त्यांच्या बुटांपुरतं असतं तर गोष्ट वेगळी. दाजी एक जोड तीन वर्षं वापरायचे. पण घरात कोणालाही बूट घ्यायचे असले तरी दाजी लागायचेच. माझ्या मुलीचे कॉलेजचे बूट, माझ्या बायकोचे सकाळी फिरायला जायचे बूट, शेजाऱ्यांचे, शेजाऱ्यांच्या व्याह्यांचे. सगळ्यांना ते एकच गोष्ट सांगायचे: घरात बुटांची रांग कशाला? एकच जोड घ्या, पण असा घ्या की "लग्नात लाजवणार नाही आणि डोंगरावर लोळवणार नाही." भाजी आणायला तोच, मंगल कार्यालयात तोच, रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या चढायला तोच. असा बूट जगात असतो हे त्यांनी सिद्ध केलं होतं. तो सापडेपर्यंत बरोबरच्या माणसाचं काय होतं याचा त्यांनी विचार केलेला नव्हता.

आमच्या नेहमीच्या दुकानात सलीमभाई म्हणून विक्रेते होते. दाजींच्याच वयाकडे झुकलेले, सोशिक गृहस्थ. आम्ही पायरी चढलो की ते आत आवाज द्यायचे, "मोजणीसाहेब आये हैं, वो कोनेवाला स्टूल खाली करो!" दाजी बसायचे आणि सुरुवात व्हायची. प्रथम बूट हातात घेऊन पुढून दाबायचा. बोटांपाशी वाकला तर ठीक. मधोमध वाकला की दाजी तो सलीमभाईंच्या हातात परत द्यायचे. "ही चपाती हाय. बूट दाखवा." मग टाचेचा भाग अंगठ्याने दाबायचा, तो दबता कामा नये. मग आतला तळवा बाहेर काढायचा, जमिनीवर ठेवायचा आणि त्याच्यावर उभं राहायचं. पाय कडेने बाहेर सांडला तर बूट अरुंद. हे बघताना दाजींच्या चेहऱ्यावर जो भाव यायचा तो मी त्यांच्या मोजणीच्या फोटोत पाहिला आहे. कोणीतरी बांध कोरलाय आणि ते यांना सापडलंय असा.

"साहेब, तुमच्यासारखी पाच गिऱ्हाइकं आली ना, तर मी दुकान बंद करून हज करून येईन," सलीमभाई म्हणायचे.

"जा की. पण बूट माझ्याकडून बघून घेऊन जा. तिथं लय चालायचं असतंय."

तळाच्या नक्षीवर तर त्यांचं प्रवचनच असायचं. खोल खाचांचे डोंगरी बूट त्यांना रोजच्या वापराला मंजूर नव्हते. काळ्या मातीत एकदा पाऊल टाकलं की त्या खाचांमध्ये चिखल बसतो आणि पाय दोन किलोचा होतो. गुळगुळीत तळही नको, ओल्या पायरीवर घात करतो. मधली, उथळ, बाजूंनी उघडी नक्षी पाहिजे. वरचं कापड जाळीचं नको, कारण पाऊस संपल्यावर डोंगरावरच्या गवताची कुसळं जाळीतून आत घुसतात. रंग मुरमाचा. "पांढरा बूट पाहुण्यासारखा असतो, त्यालाच सांभाळत बसावं लागतं." आणि फार झकपक दिसणारा बूट तर मुळीच नको, कारण देवळाबाहेर तो आपली वाट बघत थांबत नाही.

मी एकदा बंड केलं. दाजींना न सांगता मोबाईलवरून बूट मागवले. पांढरे, हलके, जाड स्पंजाचे, पाय ढगात ठेवल्यासारखे वाटणारे. पुढच्या रविवारी तेच घालून पांडवलेणीला गेलो. दाजींनी खाली बघितलं, वर बघितलं आणि चालायला लागले. लेण्यांपर्यंत पायऱ्या आहेत तोवर मी त्यांच्या पुढे होतो. लेण्यांच्या वर डोंगराची वाट सुरू होते. उतरताना तिथल्या बारीक खड्यांवर त्या जाड स्पंजाने एका बाजूला कलंडायचं ठरवलं आणि मी दहा फूट बसून खाली आलो. दाजी सावकाश, पाय आडवे टाकत माझ्यापर्यंत आले. हात दिला नाही. म्हणाले, "आता बसलाच हायेस तर पाणी पी." आणि मग, मी पीत असताना, "पायाला जमीन कळली पाहिजे, रवी. एवढ्या जाड गादीवरून कसं कळायचं?"

मला त्यांचा इतका राग आला होता. पडल्याचा नाही, ते बरोबर असल्याचा.

आता मला जे लिहायचं आहे त्याकडे येतो. दाजींना साखर होती. बारा-तेरा वर्षं झाली असतील. गोळ्या माझ्याच दुकानातून जायच्या. महिन्याच्या महिन्याला मी पिशवी भरायचो, तिच्यावर 'दाजी' असं लिहायचो. माझ्या दुकानात साखरेचे शेकडो पेशंट येतात आणि मी प्रत्येकाला न चुकता विचारतो. पायांना मुंग्या येतात का, तळवे बधिर वाटतात का, चप्पल पायातून निसटली तर समजतं का. हे विचारायचा मला अभिमान आहे. आमच्या भागात लोक म्हणतात, रवीभाऊ डॉक्टरांपेक्षा जास्त विचारतात.

एका दुपारी दाजी दुकानात आले ते एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी. दुसरी चप्पल मागे कुठेतरी रस्त्यावर पडली होती आणि त्यांना पत्ता नव्हता. मी आधी त्यांच्या पायाकडे बघितलं, मग त्यांच्या तोंडाकडे, आणि मोठ्याने हसलो. जगाला बूट शिकवणारा माणूस स्वतःची चप्पल हरवून आला! मी ताईला फोन लावून सांगितलं. तीही हसली. दाजी स्टुलावर बसून होते. थोडं हसले. "लक्ष नव्हतं," म्हणाले. मी आत जाऊन त्यांना माझी जुनी चप्पल दिली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला, एका म्हाताऱ्या बाईंना, विचारलं, "आजी, पायांना मुंग्या येतात का?"

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी, पाऊस सरत आला तेव्हा, दाजींच्या बुटाची तीन वर्षं भरली. पाय तयार झाल्याचा फोन आला. गुरुवार होता, तापाची साथ होती, दुकानात रांग होती. मी बायकोला बसवलं आणि कुरकुरत निघालो.

त्या दिवशी दाजींनी नेहमीपेक्षाही जास्त वेळ घेतला. वाकवणं, दाबणं, तळव्यावर उभं राहणं सगळं झालं. एक मुरमाच्या रंगाचा जोड पुढे आला. बाकी सगळं पास, फक्त कडेने पाय जरासा बाहेर सांडत होता. सलीमभाई म्हणाले, "याच्यात रुंद येतो साहेब. सोमवारी मागवून देतो." दाजींनी तरीही तो घातला. उठले, चालले, बसले. काढला. परत घातला. जिना चढून आले, उतरून आले. बायकोचा फोन आला: एक इंजेक्शन सापडत नाही, कुठे ठेवलंय? मी सांगितलं. दाजी परत जिन्यावर.

"काय झालं?" मी म्हणालो.

"कळत नाही रे."

"काय कळत नाही?"

"बसला का नाही, कळत नाही." ते पायाकडे बघत होते. मग वर बघितलं. "तू सांग की."

इतक्या वर्षांत दाजींनी मला बुटाबद्दल कधी विचारलं नव्हतं. माझं मत म्हणजे दहा फूट घसरलेल्या माणसाचं मत. त्या वेळी मला नवल वाटायला हवं होतं. मला फक्त घड्याळ दिसत होतं. बायकोचा पुन्हा फोन आला.

"कळत नाही," दाजी तिसऱ्यांदा म्हणाले.

"दाजी, कळायचंय काय त्यात एवढं? बूट आहे तो. चांगलाय. वापरून सैल होईल. घ्या आणि चला."

हे मी सलीमभाईंसमोर, दोन अनोळखी गिऱ्हाइकांसमोर म्हणालो. दाजींनी बूट काढला. खोक्याचं झाकण लावलं आणि खोकं काखेत घेतलं.

आपण दिवसातून किती वेळा 'कळत नाही' म्हणतो. भाजी काय करावी कळत नाही, मुलगी एवढी का रुसली कळत नाही, या सरकारचं काय चाललंय कळत नाही. त्यामुळे त्या शब्दाचा साधा, शरीराचा अर्थ कोणी ऐकत नाही. दाजींच्या पायाला बूट कळत नव्हता. ते खरं तेच सांगत होते, अगदी नेमक्या शब्दांत, मोजणीवाल्याच्या चोखपणाने. आणि मी, पायांना मुंग्या येतात का विचारणारा, ते ऐकून चिडलो. मला वाटलं, म्हातारा कचरतोय.

दुसऱ्या रविवारी दाजी त्या बुटात पांडवलेणी चढले, डोंगरावर गेले, उतरले. पाय ठणठणीत, म्हणाले. घरी मोजा काढला तेव्हा ताईला तो लाल दिसला. करंगळी बाहेरच्या बाजूने पार सोलून निघाली होती. दाजींना काहीच दुखत नव्हतं. त्यांनी हळद लावली, ताईला 'रवीला सांगू नको, तो गोळ्यांचं पोतं घेऊन येईल' म्हणाले, आणि दोन आठवडे काढले. मला कळलं तेव्हा बोट काळं पडलं होतं. त्यानंतर इस्पितळ, आणि सर्जनचं ते वाक्य की बोट काढलं तर पाय वाचेल. पाय वाचला.

इस्पितळात भेटायला येणारा प्रत्येक जण तेच म्हणायचा. एवढे दोन-दोन तास लावून बूट घेणारा माणूस, आणि बूट चावला! ताई तर येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, "यांनी अख्ख्या नाशिकला बूट निवडून दिले. स्वतःचा एक धड घेता आला नाही." दाजी उशीला टेकून ऐकायचे. "होतं असं कधी," म्हणायचे. एकदाही म्हणाले नाहीत की हा बूट रवीने घ्यायला लावला. मी खाटेच्या पायथ्याशी सफरचंद कापत बसलेला असायचो. लोक हसले की मीही हसायचो. ते हसू मला अजून आठवतं. चप्पल हरवली त्या दिवसाच्या हसण्यापेक्षा ते वाईट होतं, कारण या वेळी मला सगळं माहीत होतं.

चार महिने मी असे काढले. दाजींच्या शेजारी बसून पट्टी बदलायचो, गोळ्या मोजून द्यायचो, सेवा करायचो. ताई म्हणायची, सख्खा भाऊ असावा तर असा. शेवटी एका दुपारी, ती चहा टाकत असताना, मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून सगळं सांगितलं. चपलेचं, गुरुवारचं, सोमवारी रुंद जोड येणार होता त्याचं, मी काय बोललो त्याचं. बाहेर खाटेवर दाजी ऐकत होते. मला वाटलं होतं, आता ताई रडेल, मी रडेन, दाजी म्हणतील जाऊ दे.

दाजी ओरडले, "तुला कोणी विचारलं होतं का?"

मी बाहेर आलो. ते खरंच चिडले होते.

"वर्षभर मला कळत होतं की पायाला कळत नाही. चप्पल हरवायच्या आधीपासून."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो की. दुकानात तीनदा बोललो."

"तसं नाही दाजी, सरळ सांगायचं ना!"

"सरळ सांगितलं असतं तर तू हिला सांगितलं असतंस. हिनं डोंगर बंद केला असता."

ताई सांडशी हातात घेऊन दारात आली. "केलाच असता! डोंगर बंद झाला असता, बोट राहिलं असतं. एक लपवतोय, दुसरा गिळतोय, आणि मी येड्यासारखी सगळ्या गावाला सांगतेय की यांना बूट निवडता येत नाही!" मागे चहा उतू गेला.

कबुली दिल्यावर मन हलकं होतं असं लोक सांगतात. माझं झालं नाही. मी स्वतःचं ओझं उतरवायला गेलो आणि त्यात दाजींचं गुपित फोडलं. त्या दिवसापासून ताई रोज त्यांचे पाय उजेडात धरून बघायला लागली, बोटांच्या मध्ये, टाचेच्या मागे. दाजी पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सोळाव्या दिवशी संध्याकाळी फोन आला. "तिनं बूट फेकून दिला. दुसरा घ्यायला पाहिजे. कागद घेऊन ये."

कागद कशाला ते घरी गेल्यावर समजलं. दाजी जमिनीवर जाड कागद ठेवून त्याच्यावर उभे राहिले आणि मला खाली बसवून पायाची आकृती काढायला लावली. "पेन्सिल उभी धर. तिरकी धरलीस तर शेजाऱ्याची जमीन माझ्यात येईल." मी पेन्सिल फिरवत करंगळीच्या जागेपर्यंत आलो आणि थांबलो. तिथे रेघ आत वळवावी लागली. दाजींनी चष्मा लावून कागद पाहिला. "इथं क्षेत्र कमी झालं," एवढंच म्हणाले.

तो कागद कापून आम्ही दुकानात नेला. "मोजणीसाहेब, आज तो नकाशा ही ले आये!" सलीमभाई म्हणाले. मग दाजींच्या पायाकडे बघितलं आणि स्वतः शिडीवर चढून खोकी काढायला लागले. कागद बुटात सरकवायचा. कडेला दुमडला की बूट बाद. जो पास होईल त्याच्या आत मी हात घालायचो आणि बोटांनी शिवण शोधायचो, कारण दाजींना शिवण समजणार नव्हती. मग दाजी बूट घालायचे आणि मी बाहेरून दाबत विचारायचो.

"इथे?"

"नाही."

"इथे लागतंय?"

"हां, लागतंय." थोडं थांबून, "नाही. तू विचारलंस म्हणून वाटलं."

सातवा जोड बसला. रुंद तोंडाचा, आतून मऊ, तळ उथळ नक्षीचा. मुरमाच्या रंगात तो नव्हता, गडद निळा होता. दाजींनी फार वेळ त्याच्याकडे बघितलं. "लग्नात घालता येईल का?"

"नाही. लग्नासाठी दुसरा घेऊ."

"मग लग्नातबी हाच घालीन," दाजी म्हणाले. आणि त्या वर्षी तीन लग्नांना सफारीवर तो निळा बूट घालून गेले. ताई त्यांच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसली.

यंदा उन्हाळ्याआधी ते दोघं त्यांच्या मुलीकडे बडोद्याला राहायला गेले. ताईचे गुडघे धरतात, इथलं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मुलीने आग्रह केला. दाजींनी विरोध केला नाही, फक्त विचारलं, तिकडे जवळपास चढण्यासारखं काही आहे का. नव्हतं.

जायच्या आधीच्या रविवारी सकाळी आठ वाजता माझा फोन वाजला. "रवी, पांडवलेणीच्या पायथ्याशी ये. पाय बघून जा."

"कोणाला विचारून गेलात?"

"ओरडू नको. शंभर पायऱ्याच चढलो. ये."

डॉक्टरांनी सपाट रस्ता सांगितला होता. पायऱ्या अजिबात नाही असं नाही, पण एकट्याने नाही. मी शटर अर्धं उघडलं होतं ते परत ओढलं. दाजी पायथ्याला झाडाखालच्या कट्ट्यावर बसले होते, हातात रुमाल, चेहरा लाल. मला बघून उजवा पाय पुढे केला. मी खाली बसलो, नाडी सोडली, मोजा उलटा करून बघितला, वाचायचा चष्मा लावून जखमेची जुनी जागा, बोटांच्या फटी, टाच सगळं तपासलं. पाय स्वच्छ होता. मला इतकं बरं वाटलं की मी बोलायला सुरुवात केली. वय काय, साखर किती, एकटे कशाला आलात, काही झालं असतं तर मी ताईला काय तोंड दाखवलं असतं. दाजी ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी डावा पाय उचलून माझ्या मांडीवर ठेवला.

"डावा चांगलाय, दाजी. डावा डॉक्टरांनी परवाच बघितलाय."

"बघ की. परत कधी बघणार हायेस?"

मी डावा बूट काढला. उलटा केला तर आतून एक खडा पडला. बोराएवढी पांढरी गारगोटी. ती घेऊन ते किती चालले होते देव जाणे, त्यांना पत्ता नव्हता. दाजींनी ती माझ्या हातातून घेतली, उन्हात धरली, फिरवली आणि सवयीने बोलून गेले, "ही वरच्या वाटेची. पायऱ्यांवर असली नसती."

मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं.

"तुम्ही वरपर्यंत गेला होतात!"

"जरा."

मी ओरडलो. कट्ट्यावर पलीकडे बसलेल्या बायका वळून बघायला लागल्या. मी काय काय बोललो ते आठवत नाही, पण वर्ष-दीड वर्षाचं सगळं त्यात होतं. दाजी मधेच दोनदा हसले. गारगोटी रुमालात बांधून त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकली. त्यांच्या तळव्याला, अंगठ्याच्या मागे, तिचा खळगा पडला होता. कातडी फाटली नव्हती. मी त्याच्यावर अंगठा फिरवला, फुंकर मारली, पुन्हा फिरवला. तो हळूहळू वर येत होता. दाजी डोंगराकडे बघत बसले होते. खळगा पूर्ण भरून येईपर्यंत मी त्यांचा पाय मांडीवरून खाली ठेवला नाही.